गाडीच्या टपावर ऊन किती मावतं?

इलेक्ट्रिक गाडी घेतली की एप्रिलमध्ये एक प्रश्न हमखास पडतो. गाडी दिवसभर उन्हात तापत उभी आणि आपण मात्र पैसे मोजून ती चार्ज करतो. मग टपावरच सोलर पॅनेल का नको? पुण्याच्या वायवे मोबिलिटीने २०२५ च्या जानेवारीत टपावर पॅनेल असलेली ‘ईवा’ ही चिमुकली गाडी सादर केल्यापासून वाचकांचा हा प्रश्न जास्तच जोरात आहे.

जलसंधारणाचं काम पाहिलेल्या माणसाला याचं उत्तर चटकन पटेल. बंधारा कितीही भक्कम बांधा, त्यात पाणी किती येणार हे पाणलोट क्षेत्र ठरवतं. गाडीचा टप म्हणजे फार तर दोन चौरस मीटरचं पाणलोट. भर दुपारी एका चौरस मीटरवर हजारेक वॅट ऊन पडतं, पॅनेल त्यातलं पाचव्या हिश्शाच्या आसपास विजेत बदलतं. म्हणजे टपावर चारशे वॅट. महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाचेक तास असं कडक ऊन मिळतं असं धरलं तर दोन युनिट. धूळ, तापलेलं पॅनेल आणि वायरिंगमधली गळती वजा केली की हातात उरतं दीड युनिट. कुटुंबाच्या साध्या इलेक्ट्रिक गाडीला किलोमीटरला सव्वाशे ते दीडशे वॅट-तास लागतात. म्हणजे दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर, तेही आकाश निरभ्र असेल आणि गाडी सकाळपासून उघड्यावर उभी असेल तर. आषाढ-श्रावणात ती अपेक्षाही नको.

पैशात सांगायचं तर दिवसाला बारा-पंधरा रुपये. त्यासाठी गाडी उन्हात ठेवायची, आणि संध्याकाळी दार उघडलं की भट्टीसारखा तापलेला केबिन गार करायला एसी पहिल्या पंधरा मिनिटांत अर्धा युनिट सहज खाणार. कमाईचा तिसरा हिस्सा कमावण्याच्या खर्चातच गेला! बॅटरीलाही ही उष्णता मानवत नाही. शिवाय ज्यांना घरी चार्जिंगची सोय नाही, त्यांच्या गाड्या एकतर सोसायटीच्या तळघरात असतात, नाहीतर रस्त्याकडेच्या झाडाखाली.

परदेशात याचे धडे महागात पडले आहेत. नेदरलँड्सच्या ‘लाइटइयर’ने पाच चौरस मीटर पॅनेल असलेली अडीच लाख युरोंची गाडी काढली, २०२३ च्या सुरुवातीलाच उत्पादन थांबलं. पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या ‘सोनो’ने आपली सौरगाडी गुंडाळली. पाणलोट वाढवायला गेलं की किंमत वाढते, हा त्यातला सरळ हिशोब.

दुसरा मार्ग आहे पीक बदलण्याचा. पाणी कमी असेल तर ऊस सोडून बाजरी घ्यावी. हे शहाणपण दाखवणाऱ्या गाडीची गोष्ट मला फार आवडते. १९८७ साली ऑस्ट्रेलियात डार्विन ते अॅडलेड अशी तीन हजार किलोमीटरची सौरगाड्यांची पहिली शर्यत झाली. जनरल मोटर्सची ‘सनरेसर’ ताशी सरासरी ६७ किलोमीटरने धावली आणि दुसऱ्या क्रमांकाची गाडी दोन दिवस मागे राहिली. तिच्यामागे होते पॉल मॅक्रेडी. माणसाने पायडल मारून इंग्लिश खाडी ज्यातून ओलांडली ते विमान बनवणारे हेच. कमीत कमी ताकदीत काम भागवणं हा त्यांचा ध्यास होता. गाडीचं वजन पावणेतीनशे किलोंच्याही आत, आकार वाऱ्याला जेमतेम अडवणारा.

या गोष्टीत एक नाव नेहमी मागे पडतं: अॅलन कोकोनी. बॅटरीतली वीज मोटरला हवी तशी, फारशी न सांडता पुरवणारी सनरेसरची इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजेच इन्व्हर्टर, त्यांची. शर्यतीनंतर जनरल मोटर्सने याच मंडळींकडून रस्त्यावरची गाडी करून घेतली. १९९० च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला ती ‘इम्पॅक्ट’ नावाने दिसली आणि पुढे तिचीच ‘ईव्ही१’ झाली. तिच्या टपावर एकही पॅनेल नव्हतं! सौरगाडीतून घेण्याजोगं जे होतं ते त्यांनी घेतलं: हलकेपणा, आकार आणि कोकोनींचा इन्व्हर्टर. पुढे कोकोनींच्या कंपनीने ‘टीझीरो’ गाडी बनवली आणि तिच्यावरून टेस्लाच्या संस्थापकांना पहिल्या ‘रोडस्टर’ची प्रेरणा मिळाली. श्रेय मात्र भलत्यांनाच मिळालं.

म्हणून ईवाकडे मी कुतूहलाने पाहतो. सौरऊर्जेवर वर्षाला तीन हजार किलोमीटरपर्यंत, म्हणजे दिवसाला आठेक, असा कंपनीचा दावा आहे. एवढ्या लहान, हलक्या गाडीला तो अशक्य नाही. शाळा, बाजार, स्टेशन एवढंच फिरणं असेल तर टपावरचं ऊन खरोखर उपयोगी पडेल. दीड टनाच्या एसयूव्हीवर तेच पॅनेल निव्वळ मिरवण्यापुरतं.

स्वतःची गच्ची असेल तर प्रश्नच नाही. दक्षिणेकडे तोंड करून, खालून वारा खेळेल असं बसवलेलं तीन किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी बारा युनिट देतं, म्हणजे ऐंशीएक किलोमीटर. पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे, आणि गाडी नीट सावलीत राहते. तरीही शोरूममध्ये सोलर टपाची भुरळ पडलीच, तर टपावर किती वॅट आहेत हे नंतर विचारा. आधी विचारा, गाडी किलोमीटरला किती वॅट-तास खाते.