सहा दिवस, पाच सामने, समोरच्यांना शून्य

गुरुवार, ९ नोव्हेंबर १८९९. ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठावर १२-० अशी मात. शुक्रवारी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एमवर १०-०. शनिवारी न्यू ऑर्लीन्सला टुलेनवर २३-०. रविवारी विश्रांती. सोमवारी बॅटन रूजला लुईझियाना स्टेटवर ३४-०. मंगळवारी मेंफिसला मिसिसिपी विद्यापीठावर १२-०. सहा दिवसांत पाच सामने, पाचही घरापासून दूर. मिळवलेले गुण ९१, दिलेले शून्य.

हे करणारा अमेरिकन फुटबॉल संघ होता टेनेसी राज्यातल्या सवॉनी या डोंगरावरच्या गावातला. तिथल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’चं नाव भारदस्त, पण संस्था अगदी छोटी. आजही तिथे दोन हजार विद्यार्थी नाहीत.

या दौऱ्यात संघाने आगगाडीने सुमारे ४,००० किलोमीटर प्रवास केला. ह्यूस्टन ते न्यू ऑर्लीन्स हे अंतरच साडेपाचशे किलोमीटरहून जास्त. शुक्रवारचा सामना संपवून पोरं गाडीत चढली आणि शनिवारी दुसऱ्या राज्यात पुन्हा मैदानात उतरली.

तेव्हाचा अमेरिकन फुटबॉल कसा होता, हे कळल्याशिवाय या आकड्यांचं वजन कळत नाही. चेंडू पुढे फेकायला परवानगी नव्हती. ती १९०६ मध्ये मिळाली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, आणि तेही समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसून. आज बचावाचे खेळाडू वेगळे, आक्रमणाचे वेगळे. तेव्हा तेच अकरा जण दोन्ही कामं करत. एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत येता येत नसे, म्हणून दुखापत झाली तरी माणूस उभाच राहायचा. हेल्मेट सक्तीचं नव्हतं, बरेच जण उघड्या डोक्यानेच खेळत. या खेळात जीवही जात. १९०५ च्या एका हंगामात डझनाहून अधिक मुलं दगावली आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावं लागलं. असा खेळ जेमतेम वीसेक खेळाडूंच्या बळावर सहा दिवसांत पाच वेळा खेळायचा! आजचे मोठे कॉलेज संघ शंभराच्या आसपास खेळाडू बाळगतात आणि साधारणपणे आठवड्याला एकच सामना खेळतात.

दौरा आखला ल्यूक ली या विद्यार्थी व्यवस्थापकाने. वय वर्षं वीस. शेजारच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी तिकिटांच्या उत्पन्नावरून वाद झाला होता आणि हंगामातला सगळ्यात कमाईचा सामना हातचा गेला होता. ती कसर भरून काढायला लीने एकाच फेरीत पाच सामने ठरवले. प्रशिक्षक होते बिली सूटर आणि कर्णधार हेन्री सायबल्स. (ली पुढे एकतिसाव्या वर्षी अमेरिकी सिनेटवर गेला, आणि जानेवारी १९१९ मध्ये पदच्युत जर्मन कैसरला हॉलंडमधून पळवून आणायला निघाला. तो बेत फसला, पण माणसाची जिद्द त्यातून दिसते.)

पूर्ण हंगाम त्याहून थोर. २१ ऑक्टोबर ते २ डिसेंबर, म्हणजे सहा आठवड्यांत बारा सामने आणि बाराही विजय. टेनेसी विद्यापीठाला ४६-०, कंबरलँडला ७१-०. एकूण गुण ३२२, विरोधात फक्त १०. बारापैकी अकरा संघांना एकही गुण मिळाला नाही. लोक ३२२ चं कौतुक करतात. मला विलक्षण वाटतो तो दहाचा आकडा. दुबळा प्रतिस्पर्धी समोर आला की गुणसंख्या फुगते. पण दौऱ्यातल्या पाचव्या सामन्यात, अंग ठणकत असताना आणि झोप अपुरी असताना एकालाही रेषा ओलांडू न देणं, यासाठी बारा सामनेभर शिस्त लागते.

ते दहा गुण ऑबर्नने मिळवले, ३० नोव्हेंबरला माँटगोमेरीत. ऑबर्नचे प्रशिक्षक होते जॉन हाइझमन. आज कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी ट्रॉफी त्यांच्याच नावाची आहे. सवॉनीने सामना ११-१० असा, एका गुणाने जिंकला. मध्ये एकच दिवस गेला आणि अटलांटाला नॉर्थ कॅरोलायनाला ५-० असं हरवून हंगाम संपला.

पुढे खेळात पैसा आला. मोठी विद्यापीठं आणखी मोठी होत गेली, सवॉनी छोटीच राहिली. १९३२ मध्ये दक्षिणेतल्या बलाढ्य संघांची ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ स्थापन झाली, तेव्हा तेरा संस्थापकांत सवॉनी होती. १९४० पर्यंत तिथे ती ३७ सामने खेळली आणि सगळेच्या सगळे हरली. मग कुलगुरू अलेक्झांडर गेरी यांनी संस्थेला बाहेर काढलं आणि खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या बंद केल्या. त्यांचा निर्णय योग्यच होता. मुलं तिथे शिकायला आली होती, आणि खेळ त्यांच्यासाठी होता.

१८९९ मध्ये सवॉनीकडून हरलेल्या बारा संघांपैकी सात आज त्याच कॉन्फरन्समध्ये आहेत. त्यांतल्या टेक्सास, टेक्सास ए अँड एम, लुईझियाना स्टेट आणि टेनेसी या चौघांच्या स्टेडियममध्ये प्रत्येकी एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. सवॉनीचा संघ अजूनही खेळतो, पण कॉलेज खेळांच्या तिसऱ्या विभागात, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला परवानगीच नाही.