घरची पंचिंग बॅग : आधी वजनाचा हिशेब करा



भीमजयंतीच्या मिरवणुकीत लाठीकाठी आणि कराटे करून दाखवणारी मुले-मुली आता आपल्याला नवीन राहिलेली नाहीत. विहारातल्या उन्हाळी शिबिरांतही स्वसंरक्षणाचे धडे दिले जातात. शिबिर संपले की मुले घरी सराव करू पाहतात. दुकानातली बॅग परवडत नाही, म्हणून युरियाचे रिकामे पोते घेतले जाते, त्यात रेती भरली जाते आणि टिनाच्या छताच्या पाइपाला दोरीने टांगले जाते. मुलांची हौस चांगली आहे, पण अशा पोत्यावर पहिल्याच आठवड्यात मनगट दुखावते. मग आई म्हणते, "बस झालं आता." मुलगी असेल तर सराव तिथेच संपतो. वजन बरोबर ठेवले तर ही वेळ येत नाही.

किती वजन ठेवावे?

साधा नियम असा की मारणाऱ्याचे जेवढे वजन, त्याच्या निम्मे बॅगचे. वाढत्या वयाच्या मुलांसाठी याहून थोडे कमी ठेवावे.

- मुलाचे वजन 30 किलो : बॅग 10 ते 12 किलो
- 40 किलो : 16 ते 20 किलो
- 50 किलो : सुमारे 25 किलो
- 60 किलो : सुमारे 30 किलो
- 70 किलो : सुमारे 35 किलो

दहा वर्षांखालच्या मुलांना टांगलेली बॅग देऊच नये. मोठ्या माणसाने हातात उशी धरावी आणि मुलाने तिच्यावर हलके ठोसे मारावेत, एवढे पुरे.

घरात बॅग एकच आणि वापरणारे चार, असे असेल तर सर्वात हलक्या व्यक्तीच्या हिशेबाने वजन ठरवा. मोठा भाऊ मारताना दुसऱ्याने बॅग मागून धरावी, किंवा तिच्या तळाला दोरी बांधून ती जमिनीतल्या खुंटीला अडकवावी. लाथांचा सराव असेल तर चार-पाच किलो जास्त चालते, कारण हातापेक्षा पायाचा जोर मोठा असतो.

वजन मोजायला किराणा दुकानाचा किंवा अडतीवरचा काटा चालतो. घरी माणसाचे वजन करायचा काटा असेल तर आधी एकट्याने उभे राहा, मग बॅग उचलून उभे राहा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बॅगचे वजन.

वजन चुकले तर काय होते?

बॅग फार जड असली तर ती जागची हलत नाही. ठोशाचा जोर तिच्यात जिरत नाही, उलटा हातात येतो. तो आधी मुठीच्या हाडांवर, मग मनगटावर आणि शेवटी खांद्यावर बसतो. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढ होण्याची मऊ जागा असते. तिला पुन्हा पुन्हा मार बसणे मोठ्या माणसाच्या दुखण्यापेक्षा गंभीर आहे.

बॅग फार हलकी असली तर ती लांब झुलते. पुढचा ठोसा हवेत जातो आणि कोपर झटक्याने ताणले जाते. परत येणारी बॅग तोंडावरही बसते.

हातपरीक्षा सोपी आहे. मध्यम जोराचा सरळ ठोसा मारा. बॅग वीतभर किंवा थोडी जास्त झुलून शांत झाली तर वजन ठीक आहे. ती हललीच नाही तर जड आहे. हातभर लांब जाऊन गोल फिरू लागली तर हलकी आहे.

रेती नको, चिंध्या भरा

एक फूट रुंद आणि तीन फूट उंच बॅगमध्ये सुमारे 64 लिटर जागा असते. एक लिटर कोरड्या रेतीचे वजन दीड किलोच्या पुढे जाते. म्हणजे अशी बॅग रेतीने भरली तर ती शंभर किलोच्या आसपास जाईल. शिवाय रेती खाली बसते आणि तळ दगडासारखा होतो. तीच बॅग जुन्या कपड्यांच्या चिंध्यांनी दाबून भरली तर साधारण 20 ते 25 किलो भरते. घरातल्या बहुतेकांसाठी एवढेच वजन लागते.

जुन्या साड्या, चादरी, टी-शर्ट वापरा. बटणे, हुक आणि चेन आधी कापून टाका. कपड्यांचे हातभर तुकडे करा, थोडे थोडे भरा आणि प्रत्येक थर काठीने ठोकून बसवा. वजन कमी पडले तरच थोडी रेती घ्या. ती दुहेरी पिशवीत घट्ट बांधा, वर कापड गुंडाळा आणि असे छोटे पुडके बॅगच्या मधोमध ठेवा. पुडक्याच्या चहूबाजूंनी चार बोटे तरी चिंध्यांचा थर हवा.

सोयाबीनचे कुटार आपल्याकडे फुकट मिळते, पण ते भरू नका. त्याची धूळ दम लागणाऱ्याला त्रास देते आणि पावसाळ्यात त्याला बुरशी येते. सरकी आणि धान्यामागे उंदीर लागतात.

युरियाचे पोते दोन-तीनदा धुऊन आतले अस्तर म्हणून चालेल. बाहेरून मात्र जाड ताडपत्री किंवा जुन्या जीन्सचे कापड शिवून घ्या. प्लास्टिकच्या विणीने मुठीची कातडी सोलते. जखम झाली तर साबण-पाण्याने धुवा. धनुर्वाताची लस राहिली असेल तर आरोग्य केंद्रात घ्या.

कुठे टांगावी?

झुलणाऱ्या बॅगचा झटका तिच्या वजनापेक्षा जास्त असतो. टिनाच्या छताचा पातळ पाइप किंवा जुने लाकूड तो सहन करील याची खात्री नसते, आणि खाली लहान मूल झोपलेले असू शकते. कडुनिंबाची जाड, हिरवी फांदी किंवा गवंड्याने पक्क्या स्लॅबमध्ये बसवलेली कडी चांगली. दोरी झिजते, म्हणून साखळी घ्या आणि दर आठवड्याला ती तपासा. विहाराच्या आवारात टांगायची असेल तर समितीला विचारा. एक चांगली बॅग अख्ख्या वस्तीला पुरते, आणि मोठ्यांच्या नजरेसमोर सराव होतो.

हात आणि शरीर सांभाळा

जुन्या सुती साडीची तीन बोटे रुंद आणि तीन मीटर लांब पट्टी कापा. ती मनगटाभोवती तीन वेढे आणि मुठीवर तीन-चार वेढे गुंडाळा. बोटे काळीनिळी पडतील इतकी आवळू नका. अंगठा मुठीच्या बाहेर ठेवा आणि ठोसा मारताना मनगट सरळ ठेवा. पहिले दोन आठवडे निम्म्या जोरानेच मारा. एक-एक मिनिटाच्या तीन फेऱ्या पुरेशा आहेत.

घाटाखाली खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत सराव फक्त पहाटे करा आणि मध्येमध्ये पाणी प्या. सिकलसेल हा आजार विदर्भात आपल्या समाजातही आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला अति दमल्याने किंवा अंगातले पाणी कमी झाल्याने तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. म्हणून मुलांची तपासणी झाली नसेल तर ती सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्या आणि रुग्ण असल्यास डॉक्टरांना विचारूनच सराव सुरू करा. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर बॅग मारू नये.

मनगट किंवा अंगठ्याचे मूळ दोन-तीन दिवसांनंतरही दुखत असेल, सूज उतरत नसेल, तर मालिश आणि ओढाताण करू नका. ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि डॉक्टरांनी सांगितले तर एक्स-रे काढा.

बळ कशासाठी?

अनेक गावांत तालमीचे दार आपल्या आजोबा-पणजोबांसाठी बंद होते. बाबासाहेबांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलाने कवायत आणि शिस्त तरुणांच्या अंगी बाणवली. ते बळ चळवळीच्या रक्षणासाठी होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाची कथा दिली आहे. शस्त्रविद्या शिकलेला हाच सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायला विरोध करतो. पहिले शील पाळणाऱ्या घरात बॅग टांगताना मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. मुलगा असो वा मुलगी, अंगात ताकद आणि मनात शील असलेल्या माणसाला भीती कमी वाटते आणि हात उगारायची गरजही कमी पडते.

तेव्हा येत्या रविवारी आधी घरातल्या सगळ्यांचे वजन करा आणि सर्वात हलक्याचे निम्मे काढा. मग जुन्या कपड्यांचे गाठोडे सोडा.

नमो बुद्धाय, जय भीम!