दुखापतीकडून पुन्हा मैदानाकडे

यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारा हा काळ्या मातीचा प्रदेश. विदर्भातील इतर ग्रामीण भागांप्रमाणे येथेही कबड्डी, कुस्ती, खो-खो आणि व्हॉलीबॉल हे जिव्हाळ्याचे खेळ आहेत. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. वऱ्हाडातील व्यायामाची परंपरा अशी जुनी व भक्कम आहे.

अलीकडे या परंपरेला उपजीविकेचीही जोड मिळाली आहे. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते, तसेच गोळाफेक करावी लागते. त्यासाठी गावोगावचे तरुण-तरुणी पहाटे डांबरी रस्त्यांवर धावताना दिसतात. कोरडवाहू शेतीवर गुजराण करणाऱ्या घरात अशा मुलाचा गुडघा निकामी होणे ही केवळ खेळातली घटना राहत नाही. भरतीची संधी हुकते, वयोमर्यादा उलटून जाते आणि शेतातली मेहनतही कठीण होऊन बसते. म्हणून दुखापत झाल्यावर काय करावे, काय करू नये आणि पुन्हा मैदानात केव्हा उतरावे, याची माहिती प्रत्येक खेळाडूला, त्याच्या मार्गदर्शकाला व पालकांना असणे अत्यंत आवश्यक आहे.

दुखापतीचे दोन प्रकार

खेळातील दुखापती ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार अकस्मात होणाऱ्या दुखापतींचा. चढाई करणाऱ्याचा घोटा पकडीत अडकतो, उडी मारून उतरताना पाय वाकडा पडतो, वेगात धावताना मांडीच्या मागचा स्नायू ताणला जातो किंवा कुस्तीत खांदा निखळतो. हाडांना सांध्यापाशी एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. पाय मुरगळतो तेव्हा बहुधा हेच अस्थिबंध ताणले किंवा फाटलेले असतात.

दुसरा प्रकार हळूहळू जडणाऱ्या दुखापतींचा होय. भरतीची जाहिरात निघाल्यावर दोन किलोमीटरवरून एकदम आठ किलोमीटर धावू लागलेल्या तरुणाची नडगी दुखू लागते, ती याच प्रकारची. हाडाला वाढत्या भाराची सवय होण्यास काही आठवडे लागतात. तो अवधी न मिळाल्यास हाडाला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. नडगीवर बोटाने दाखविता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, किंवा रात्री विश्रांतीच्या वेळीही ठणका राहत असेल, तर धावणे तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखविले पाहिजे. असा तडा वेळीच ओळखला तर बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येतो. दुर्लक्ष केल्यास त्याच जागी हाड पूर्ण मोडण्याचा धोका असतो.

पहिले तीन दिवस

दुखापत झाल्याबरोबर खेळ थांबविणे हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपचार होय. चुरशीच्या सामन्यात फवारा मारून किंवा पट्टी गुंडाळून खेळाडूला पुन्हा उतरविले जाते. तेव्हा अंगात जोश असल्याने वेदना जाणवत नाही, परंतु अर्धवट फाटलेला अस्थिबंध पूर्ण तुटण्यास तेवढी काही मिनिटे पुरेशी असतात.

दुखावलेला भाग हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा आणि त्यावर लवचिक पट्टी बांधावी. पट्टीखालची बोटे गार, निळसर किंवा बधिर झाल्यास ती लगेच सैल करावी. बर्फ मिळाल्यास तो कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावा. उघडा बर्फ त्वचेवर ठेवल्यास त्वचेला इजा होते. बर्फ नसल्यास माठातील थंड पाण्यात भिजविलेले फडके काही प्रमाणात आराम देते. बर्फाविषयीच्या वैद्यकीय मतात मात्र कालांतराने बदल झाला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चतुःसूत्री १९७८ साली अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी रूढ केली. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच एक भाग असल्याने बर्फाचा अतिरेक व संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास उशीर होऊ शकतो, असे त्यांनीच २०१४ साली मान्य केले. त्यामुळे बर्फ वेदना कमी करण्यापुरता वापरावा आणि तीव्र वेदना ओसरताच सोसेल तेवढी हालचाल सुरू करावी, असे आता मानले जाते.

पहिले दोन-तीन दिवस चार गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात : गरम शेक, मालीश, मद्यपान आणि धावणे. दुखापतीवर तेल लावून जोराने चोळण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तिच्यामुळे आतील रक्तस्राव व सूज वाढते. मांडीला मुका मार लागून रक्त साकळले असताना चोळल्यास स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होण्याचा संभव असतो. जखम उघडी असेल तर ती स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. माती-शेणाचा संपर्क असलेल्या मैदानावर धनुर्वाताचा धोका असल्याने त्याची लस वेळेवर घेतलेली असणे आवश्यक आहे.

रुग्णालयात केव्हा न्यावे ?

प्रत्येक लचकेसाठी एक्स-रे काढण्याची गरज नसते. घोट्याच्या बाबतीत एक सोपी कसोटी जगभर वापरली जाते. दुखापतीनंतर खेळाडूला चार पावलेही चालता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा. सांध्याचा आकार बदलणे, हाताला वा पायाला बधिरपणा येणे आणि गुडघा एक-दोन तासांतच टम्म सुजणे ही गंभीर दुखापतीची लक्षणे समजावीत.

डोक्याला मार लागलेल्या खेळाडूस त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये, मग त्याची शुद्ध हरपलेली असो वा नसो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मानेला दुखापत झाल्याचा संशय असेल तर त्याला उचलून बसवू नये. मान व डोके स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निखळलेला खांदा मैदानातच ओढून बसविण्याचा प्रयत्नही करू नये, कारण त्यात नस किंवा रक्तवाहिनी दुखावण्याचा धोका असतो.

ग्रामीण भागात आजही अनेक जण प्रथम हाडवैद्याकडे जातात. तो जवळचा असतो, परिचयाचा असतो आणि खर्चही थोडा येतो. परंतु आत हाड मोडले आहे की सांधा निखळला आहे, हे केवळ हाताने नेहमी ओळखता येत नाही. बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्यामुळे रक्तपुरवठा थांबून हात किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून आधी तालुक्याच्या रुग्णालयात तपासणी करून घेणे इष्ट ठरते. अधिक उपचारांची गरज भासल्यास यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत, याची माहिती योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्राकडून मिळू शकते.

गुडघा आणि नऊ महिने

कबड्डीपटूला सर्वांत अधिक भीती असते ती गुडघ्याची. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळले, की गुडघ्याच्या मध्यभागी असलेला ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटू शकतो. अनेकदा ‘कट्’ असा आवाज येतो, गुडघा सुजतो आणि पुढे वळताना तो आपल्याला धरत नाही, असे वाटू लागते. महिन्याभरात सूज उतरते, सरळ चालता येते आणि खेळाडूला आपण बरे झालो असे वाटते. खरा धोका येथेच असतो. अस्थिर गुडघ्यावर पुन्हा चढाई केल्यास आतील कूर्चेच्या गाद्या फाटतात आणि तरुण वयातच सांध्याची झीज सुरू होते.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. काहींना योग्य व्यायामाने भागते. परंतु ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होते, त्यांना पुढील व्यायामच खऱ्या अर्थाने मैदानावर परत आणतो. नॉर्वे व अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबविले, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्यास सुमारे निम्म्याने घटत गेला. दुखणे थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे, हा या अभ्यासाचा प्रत्येक खेळाडूला उपयोगी पडणारा बोध आहे.

पायरीपायरीने पुनरागमन

दुखापत कोणतीही असो, परतीचा मार्ग पायऱ्यांचा असतो. वेदनेविना चालणे, हळू धावणे, सरळ रेषेत वेगाने धावणे, दिशा बदलणे, अंगलट टाळून सराव करणे, अंगलटीसह सराव करणे आणि शेवटी सामना, असा हा क्रम आहे. एक पायरी चढल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा वेदना वाढलेली आढळल्यास एक पायरी मागे यावे.

यासाठी महागडी साधने लागतात असे नाही. मुरगळलेल्या घोट्यासाठी दुखऱ्या पायावर तोल सांभाळत उभे राहणे, प्रथम डोळे उघडे ठेवून व नंतर मिटून, हा व्यायाम घराच्या ओसरीतही होतो. तो काही आठवडे नियमित केल्यास घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता कमी होते. गुडघ्यासाठी भिंतीला पाठ टेकवून अर्धे बसणे, पायरीवर चढउतार करणे आणि पुढे एका पायावरील बैठका उपयुक्त ठरतात. अंतिम परीक्षाही सोपी आहे. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांचे अंतर मोजावे. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरेपर्यंत सामन्याचा विचार करू नये. एकदा तरी भौतिकोपचार तज्ज्ञाकडून हे व्यायाम नीट शिकून घेतल्यास घरी करताना चूक होत नाही.

या काळात आहार कमी करणे चुकीचे आहे. भरून येणाऱ्या स्नायूंना प्रथिनांची गरज असते. डाळ, हरभरा, शेंगदाणे, दूध आणि अंडी यांतून ती भागते. पुरेशी झोप हेही औषधच होय. विदर्भात सर्रास खाल्ला जाणारा खर्रा मात्र सोडलाच पाहिजे, कारण तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हाड भरून येण्यास विलंब लावते.

वेदनाशामक गोळी घेऊन किंवा सांध्यात इंजेक्शन टोचून सामना खेळणे हा घातक मार्ग आहे. शरीराने दिलेली धोक्याची सूचना त्यामुळे बंद होते. शिवाय २०२२ पासून स्टिरॉइड गटातील काही दाहशामक औषधे स्पर्धाकाळात इंजेक्शनद्वारे घेण्यास जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने मनाई केली आहे. औषध कोणी दिले याला महत्त्व नसते. शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

दुखापत टाळता येते

मैदान नीट करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. कापूस काढलेल्या शेतात पऱ्हाटीची खुंटे राहतात आणि काळी माती सुकली की भेगाळते. म्हणून खडे, काटे व खुंटे वेचून, भेगा बुजवून, पाणी शिंपडून व दाबून घेतल्यावरच रेषा आखाव्यात. धावण्याचा सराव डांबरी रस्त्याऐवजी शक्यतो मातीच्या वाटेवर करावा आणि अंतर आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे. उन्हाळ्यात या जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सराव सूर्योदयाच्या सुमारास आटोपावा. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने तयार करवून घेतलेल्या, सुमारे २० मिनिटांच्या ‘११ प्लस’ या पूर्वतयारीच्या व्यायामांनी फुटबॉलमधील दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसून आले आहे. धावणे, तोल, उडी मारून नीट उतरणे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे बळ यांवर भर देणारे हे व्यायाम कबड्डी व खो-खो खेळणाऱ्यांनाही करता येण्यासारखे आहेत.

जिद्द आणि संयम

दुखापत थोरांनाही चुकलेली नाही. भालाफेकपटू नीरज चोप्रा यांच्या कोपरावर २०१९ साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यांनी बरेच महिने स्पर्धा टाळल्या आणि २०२१ मध्ये टोकियोत सुवर्णपदक मिळविले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२३ साली आशियाई स्पर्धेत स्टीपलचेस शर्यतीचे सुवर्णपदक पटकावले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत त्यांच्या गुडघ्याचा एसीएल दुखावला, तेव्हा त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेवर पाणी सोडून त्यांनी शस्त्रक्रियेचा मार्ग स्वीकारला. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आल्यावर ते जलतरणाकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर शर्यतीत सुवर्णपदकाचे मानकरी ठरले.

या खेळाडूंची जिद्द सर्वांच्या लक्षात राहते. परंतु त्या जिद्दीमागे शरीराला हवा तेवढा वेळ देण्याची शिस्त होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. बाभुळगावसारख्या तालुक्यातील खेळाडूजवळ साधने थोडी असतील, पण ही शिस्त त्याच्या हातातली आहे. गावातील मंडळे, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि पालक यांनी एक सामना जिंकण्यापेक्षा एक गुडघा वाचविणे अधिक मोलाचे मानले, तर गावच्या मैदानावरून निघालेला खेळाडू अधिक दूर जाऊ शकेल.