वलगणीला निघताय? आधी डोंगराकडे बघा

बेलपाडा (ता. पनवेल) : पहिला दणक्याचा पाऊस झाला की रायगडात गावोगावची पोरं टॉर्च, पाग, झोळी घेऊन रात्रीच ओढ्यावर पळतात. हीच वलगण. खारघरच्या बेलपाड्याला २०२३ मध्ये मेट्रोचं स्टेशन झालं, पण पनवेल-उरण पट्ट्यातली ही हौस काही सुटलेली नाही.

मासे नेमके तेव्हाच का सापडतात? शेतं भरून पाणी ओढ्याला मिळालं की मळे, शिवडे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे, उथळ पाण्याकडे चढतात आणि अरुंद जागी सहज हाती लागतात. मेख इथंच आहे. त्यातल्या कितीतरी माद्या गाभोळीने भरलेल्या असतात. ओढ्याचं तोंडच जाळ्याने अडवलं, तर वर शेतात पिल्लं होणार कुठून? समुद्रात १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यामागे प्रजनन हेही एक कारण आहे. ओढ्याला मात्र पहारेकरी नाही. कालवणापुरतं धरावं, निम्मी वाट मोकळी सोडावी.

दुसरा धोका पाण्याचा. खारघरच्या डोंगरावरचा पाऊस कातळावरून थेट खाली उतरतो. खाली उघडीप असली तरी लोंढा येऊ शकतो. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, की जाळं तिथंच सोडून काठ गाठायचा. पांडवकड्याला ऑगस्ट २०१९ मध्ये कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या. तिथं पावसाळ्यात बंदी असते, तरी आडवाटेने जाणारे जातातच. ग्रुपमधल्या एकाने मासे न धरता काठावर उभं राहून फक्त वरच्या बाजूचं पाणी बघावं.