गूळ पिवळा का हवा?

गुळाचा रवा घेताना आपण आधी काय पाहतो? रंग. पिवळाधमक असला तर हात पुढे होतो. तांबूस-काळसर दिसला की ‘जुना असेल’ म्हणून आपण पुढच्या दुकानी जातो. कोल्हापूरच्या सौद्यातही रंगाला भाव मिळतो. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या गुळाच्या गुणवत्तेत रंगाला एवढे महत्त्व कसे आले, हे वर्गात विचारण्याजोगे आहे.

उसाचा रस मुळात पिवळा नसतो. चरकातून निघतो तेव्हा तो हिरवट-करडा असतो आणि किंचित आम्ल. सामू 5 ते 5.5. त्यात साखरेबरोबर प्रथिने, मेणाचे कण, फिनॉल वर्गातली द्रव्ये आणि थोडे लोह असते. काहिलीत रस तापू लागला की गुळव्या भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी सोडतो. त्यातली बुळबुळीत शर्करासाखळी तरंगते कण पकडते आणि मळी फेसासारखी वर येते. आम्लता मारायला चुना. तो कमी पडला तर गूळ नीट बसत नाही, जास्त झाला तर काळवंडतो. पुढे पाक 118 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की वाफ्यात ओततात. एवढ्या उष्णतेत साखर आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगातून तपकिरी द्रव्ये बनणारच. म्हणजे थोडा गडदपणा हा खोट नव्हे, तो शिजण्याचाच रंग.

तो घालवायला काही ठिकाणी काहिलीत ‘हायड्रॉस’ टाकतात. हे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापड रंगवणाऱ्यांच्या ओळखीची ही पावडर. ती रंगद्रव्यांना क्षपण करून फिकी पाडते. पण रंगद्रव्य जागचे जात नाही. हवेतला ऑक्सिजन लागला की काही रंग परतू लागतो. शिवाय गुळात सल्फाइटे उरतात.

ती विषारी आहेत का? येथे घाबरवण्यापेक्षा गणित बरे. सल्फाइटांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली मर्यादा अशी : शरीराच्या दर किलोमागे रोज 0.7 मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड. 30 किलोच्या मुलाला 21 मिलिग्रॅम. समजा गुळाच्या किलोत 70 मिलिग्रॅम निघाले, तर 50 ग्रॅम गुळातून 3.5 मिलिग्रॅम पोटात जातील. निरोगी मुलाला यात फारसे काही होणार नाही. मात्र दम्याच्या काही रुग्णांना अल्प सल्फाइटानेही धाप लागते, आणि काहिलीत पावडर मोजून नव्हे, मुठीने पडते.

शिवाय प्रश्न प्रमाणाचाच नाही. अन्नात चालणाऱ्या सल्फाइटांची जी आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्यात हायड्रोसल्फाइट नाहीच. आपला अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. नियमांत न बसणारे मिश्रक अन्नात घालायला त्याचे कलम 19 मनाई करते. 2020 च्या लेबल-नियमांनुसार किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असल्यास वेष्टनावर तसे लिहावे लागते. पण बाजारात फोडून विकलेल्या रव्याला वेष्टन कोठले? इथे नियम तोकडा पडतो. गुऱ्हाळवाल्याला एकट्याला दोष देण्यातही अर्थ नाही. भेंडीचे पाणी काढायला माणूस लागतो, वेळ लागतो, आणि एवढे करून रंग थोडा गडद आला तर भाव पडतो. सौद्यात रंगाऐवजी तपासणीच्या दाखल्यावर भाव मिळू लागला, तर पावडर आपोआप मागे पडेल असे मला वाटते.

‘गुळाच्या द्रावणात पोटॅशियम परमँगनेट टाका, रंग गेला की हायड्रॉस आहे’ असा प्रयोग कोणी सुचवला तर मुलांना थांबवा. गुळातली ग्लुकोज-फ्रुक्टोजसुद्धा परमँगनेटचा रंग घालवतात. शुद्ध गूळही दोषी ठरेल. प्रयोगशाळेत नमुना आम्लासह उकळतात, सुटणारा सल्फर डायऑक्साइड हायड्रोजन पेरॉक्साइडमधून नेतात आणि बनलेले सल्फ्युरिक आम्ल मोजतात. अशी तपासणी ग्राहकालाही मागता येते. कलम 40 प्रमाणे, खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसे सांगून, शुल्क भरून नमुना अन्न विश्लेषकाकडे देता येतो. नमुना नियमबाह्य ठरला तर शुल्क परत मिळते.