जुन्या पद्मिनीची धडधड

मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडू लागलेली आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने देशभर पोहोचलेली गाडी आता रस्त्यावर क्वचितच दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील या जातीची शेवटची टॅक्सीही निवृत्त झाली. तथापि वडिलांची आठवण म्हणून ही गाडी जपणारी कुटुंबे आजही आहेत. अशा कुटुंबापुढे एके दिवशी पेच उभा राहतो. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरू लागते, मधूनच ठोका चुकवते आणि बंद पडते. ‘इंजिन उतरवावे लागेल’ असा सल्ला मिळतो. मोठा खर्च करावा की गाडी भंगारात द्यावी? निर्णयापूर्वी क्रमाने तपासणी केल्यास दोष पुष्कळदा एखाद्या स्वस्त भागात आढळतो.

पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रथम ‘मिसिंग’ एकाच सिलिंडरचे आहे की सर्वांचे, हे ठरवावे. इंजिन स्लोवर ठेवून जाणकार मेकॅनिक एकेका प्लगची ठिणगी तात्पुरती तोडून पाहतो. चांगल्या सिलिंडरची ठिणगी तोडताच इंजिनाची गती घटते. दोषी सिलिंडरच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही. येथे विजेचा दाब हजारो व्होल्ट असल्यामुळे हा प्रयोग हौसेने करू नये आणि पेट्रोलची गळती नसल्याची आधी खात्री करावी.

दोष एकाच सिलिंडरचा असल्यास त्याचा प्लग शेजारच्या प्लगशी बदलावा. दोषही शेजारी गेला, तर प्लग नवा घेतला की काम झाले. दोष जागेवरच राहिला, तर वायर, टॅपेटचे अंतर आणि कॉम्प्रेशन तपासावे. कॉम्प्रेशन कमी आढळल्यास त्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह अथवा गॅस्केटकडे लक्ष द्यावे. इंजिन उघडण्याचा विचार या टप्प्यानंतरच योग्य ठरतो.

प्लगचा रंगही बोलका असतो. फिकट तपकिरी रंग निकोप ज्वलन दर्शवितो. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट टोक म्हणजे हवा जास्त आणि तेलकट काळेपणा म्हणजे इंजिन ऑईल आत शिरत आहे.

सर्वच सिलिंडर आळीपाळीने चुकत असतील, तर प्रथम डिस्ट्रिब्युटर उघडावा. जळालेले पॉइंट, त्यांमधील चुकीचे अंतर, निकामी कन्डेन्सर किंवा झाकणाला गेलेली तडा ही नेहमीची कारणे होत. त्यानंतरच कार्ब्युरेटरकडे वळावे. चोक किंचित ओढताच इंजिन स्थिरावले, तर मिश्रणात हवा अधिक होत आहे, असे समजावे. अशा वेळी स्लो जेटमध्ये कचरा असतो किंवा कार्ब्युरेटरखालचे गॅस्केट हवा घेत असते. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने शोषण तीव्र असते. म्हणून लहानशी फटही तेथे जाणवते आणि वेगात मात्र लपून जाते.

आता इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही विचार करावा लागतो. २०२५ पर्यंत देशात मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमुळे जुन्या गाडीतील मिश्रण विरळ होते, टाकीतील जुना गाळ सुटतो आणि त्या काळातील रबरी नळ्या व डायफ्रॅम खराब होऊ शकतात. त्यामुळे नळ्या वेळीच बदलणे, फिल्टर स्वच्छ ठेवणे आणि जेट तपासून घेणे हिताचे ठरते.

एका वेळी एकच भाग बदलावा, परिणाम पाहावा आणि वहीत तारखेसह नोंद ठेवावी. चार भाग एकदम बदलल्यास गाडी सुधारली तरी दोष कोणता होता ते कळत नाही, आणि पैसे मात्र चारही भागांचे मोजावे लागतात. खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी निदान पक्के करून घेतले, तर वडिलांची पद्मिनी आणि घरची बचत, दोन्ही सुरक्षित राहतील.