हातातली ऊर्जा आणि हातातून निसटणारे दिवस

समजा, पुसद तालुक्यातल्या एखाद्या गावात तुम्ही शिक्षक आहात. दुसरीतल्या मुलीला न्यायला तिची आई शाळेत येते. कडेवर दीड महिन्याचे बाळ आहे. सव्वा महिना होऊन गेल्यामुळे ती नुकतीच घराबाहेर पडू लागली आहे. बाळाच्या डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर नाहीत, दुधाळ दिसतात. शाळेची घंटा अगदी जवळ वाजली, तरी बाळ दचकले नाही.

"दवाखान्यात दाखवलं का?" तुम्ही विचारता.

"दाखवलं गुरुजी. पोटात असतानाच कसल्या तरी विषाणूची लागण झाली म्हणे. यवतमाळला न्या म्हणाले. पण शहरातले एक सर येतात, ते हातातून ऊर्जा देतात. एकवीस बैठका सांगितल्या, आठवड्याला एक. चार झाल्या. बाळाची कावीळ गेली, झोपही चांगली लागते. तेवढ्या पुऱ्या करतो, मग बघू."

एकवीसमधून चार गेल्या, उरल्या सतरा. म्हणजे आणखी सतरा आठवडे. या आईला तुम्ही काय सांगाल? "हे सगळे खोटे आहे" एवढेच म्हटले तर ती गप्प बसेल आणि बैठका चालूच राहतील. कारण कावीळ गेलेली तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिला उत्तर द्यायचे, तर बाळाला काय झाले आहे, त्याला बरे वाटले ते कशामुळे आणि या सतरा आठवड्यांची किंमत किती, हे आधी आपल्याला समजायला हवे.

गर्भात काय घडले?

पांढुरक्या बाहुल्या आणि ऐकू न येणे ही जोडी दिसली की डॉक्टरांना रुबेलाची शंका येते. रुबेला हा तसा किरकोळ आजार. थोडा ताप, अंगावर बारीक पुरळ, कानामागे गाठी. दोन-चार दिवसांत माणूस बरा होतो. कित्येकांना तर तो होऊन गेल्याचे कळतही नाही. मात्र गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो आईला झाला, तर विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. नेमक्या याच काळात गर्भाच्या डोळ्यांतील भिंग, अंतर्कर्ण आणि हृदय घडत असते. लागण झालेल्या पेशी नीट वाढत नाहीत. त्यामुळे भिंग अपारदर्शक होते, ऐकण्याच्या पेशी निकामी होतात, हृदयाजवळची जी वाहिनी जन्मानंतर बंद व्हायला हवी ती उघडीच राहते.

हा संबंध प्रथम लक्षात आला तो सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या. १९४१ साली त्यांनी जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. त्या काळी अशा व्यंगांना आनुवंशिक समजून सोडून देत असत. ग्रेग यांनी आयांचे म्हणणे मनापासून ऐकले, नोंदी जुळवल्या आणि एक नवे कारण जगापुढे आले.

आपल्याकडे तर अशा वेळी दोष आईच्या माथी येतो. ग्रहणात तिने भाजी चिरली असेल, कोणाची नजर लागली असेल, असे घरातलेच बोलतात. खरे कारण सांगण्याचा पहिला फायदा म्हणूनच आईला होतो. तिची चूक काहीच नव्हती. विषाणू कुठून आला ते तिला कळणेही शक्य नव्हते.

आता एक मुद्दा नीट ध्यानात घेऊ. बाळ जन्मले तेव्हा बिघाड होऊन गेलेला आहे. उद्या एखाद्या ऊर्जेने बाळाच्या शरीरातला प्रत्येक विषाणू नष्ट केला, असे घटकाभर मानले, तरी गढूळ भिंग पुन्हा पारदर्शक होणार नाही. अंड्याचा शिजलेला बलक पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे आहे.

मग कावीळ गेली कशी?

जन्मतः विषाणूची लागण असलेल्या बाळांमध्ये कावीळ, अंगावरचे जांभळट ठिपके, वाढलेले यकृत व प्लीहा अशी लक्षणे बरेचदा दिसतात. यांतली पुष्कळशी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. नवजात बाळाची झोपही हळूहळू लांबत जाते. दोन आठवड्यांच्या बाळावर कोणताही उपचार सुरू करा, अंगारा लावा किंवा नुसते कॅलेंडरवर फुल्या मारा, सहाव्या आठवड्यात ते "सुधारलेले" दिसणारच. पुढे ते मान धरील, हसेल, उशिरा का होईना बसेल. या प्रत्येक पायरीचे श्रेय त्या त्या वेळी जो उपचार चालू असेल त्याला मिळते. पण भिंग आणि कान मात्र जसेच्या तसे राहतात.

शिवाय बाळ स्वतः काही सांगत नाही, ते बरे आहे की नाही हे आईबाप ठरवतात. आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना लहानसा बदलही मोठा दिसतो. हा आईबापांचा दोष नाही, माणसाच्या मनाचा स्वभावच आहे. म्हणून तर विज्ञानाने तुलना करण्याच्या पद्धती शोधल्या.

ही ऊर्जा कोणती?

रेकीची सुरुवात मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास जपानमध्ये केली. आपल्याकडच्या शहरांत तिचे वर्ग १९९० च्या दशकात जोरात निघू लागले. अशा पद्धतींचे म्हणणे थोडक्यात असे, की तळहातातून एक जीवनऊर्जा वाहते आणि ती रोग्याला देता येते. ऊर्जा हा शब्द आपण भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही शिकवतो. तिथली ऊर्जा ज्यूलमध्ये मोजता येते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. तळहात जवळ आला की ऊब जाणवते ती हीच. याखेरीज आणखी काही निघत असेल, तर ते कोणाला तरी ओळखता आले पाहिजे.

ही साधी मागणी एका शाळकरी मुलीने पुढे केली. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातल्या एमिली रोझाने वयाच्या नवव्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग मांडला. हात न लावता शरीराभोवतीची ऊर्जा जाणवते, असे म्हणणारे २१ उपचारक तिने गाठले. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. पडद्याच्या भोकांतून उपचारकाने दोन्ही हात पालथे टेकवून तळवे वर करून ठेवायचे. पलीकडे एमिली नाणे उडवून डावा की उजवा ते ठरवी आणि त्या तळव्याच्या वर काही सेंटिमीटरवर आपला हात धरी. कोणत्या हातावर ऊर्जा जाणवते, एवढेच उपचारकाने सांगायचे. २८० वेळा विचारल्यावर १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नुसते अंदाजाने सांगितले असते तरी निम्मी बरोबर आली असती! हा प्रयोग १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती.

हा प्रयोग तुम्ही वर्गात जरूर करून पहा. पुठ्ठा, कापड आणि एक नाणे एवढ्यावर भागते. प्रत्येक विद्यार्थ्याला दहा संधी द्या. हात फार जवळ नेऊ नका, नाहीतर उबेवरूनच ओळखता येईल. ४० जणांच्या वर्गात केवळ योगायोगाने दोघांची तरी आठ किंवा त्याहून जास्त उत्तरे बरोबर येतील, अशी अपेक्षा गणिताने करता येते. वर्ग लगेच म्हणेल, "यांच्यात शक्ती आहे!" त्या दोघांना आणखी दहा संधी द्या. बहुधा शक्ती ओसरलेली दिसेल. गावोगावी ज्यांची कीर्ती पसरते ते उपचार पुष्कळदा या दोघांसारखेच असतात. उरलेल्या ३८ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही.

सतरा आठवड्यांची किंमत

तळहाताच्या उबेने बाळाला इजा होत नाही. नुकसान होते ते थांबण्याने. याचे कारण मेंदूत आहे.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिलांवर प्रयोग केले. जन्मानंतरचे पहिले काही महिने पिलाचा एक डोळा बंद ठेवला, तर पुढे तो उघडूनही पिलाला त्या डोळ्याने नीट दिसत नसे. डोळा चांगला होता, परंतु त्याच्याकडून संदेश घेणारे मेंदूतले जाळे तयारच झाले नव्हते. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस बांधला, तर असे होत नसे. दृष्टी शिकण्याचा एक ठरावीक काळ असतो, हे यातून कळले. या जोडीला १९८१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

बाळाच्या मोतीबिंदूचेही असेच आहे. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रिया शक्यतो दोन-अडीच महिन्यांच्या आत व्हावी लागते. पुढे चष्मा आणि नियमित तपासणी हवीच. आपल्या गोष्टीतल्या बाळाजवळ जेमतेम महिना उरला आहे आणि बैठका सतरा आठवडे चालणार आहेत. उशिरा केलेली शस्त्रक्रिया अगदीच वाया जाते असे नाही, पण गेलेली दृष्टी पूर्ण भरून येत नाही.

कानाचे वेळापत्रक १-३-६ या आकड्यांत लक्षात ठेवतात. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व भाषेचे शिक्षण सुरू. सहा महिन्यांच्या आत मदत मिळालेली मुले बोलण्यात आणि भाषेत पुढे जातात, असे अभ्यासांतून दिसले आहे.

सायटोमेगॅलो नावाचा आणखी एक विषाणूही गर्भाला लागतो. तो जन्मतःच लागलेला होता हे ठरवायचे, तर बाळाची लघवी किंवा लाळ पहिल्या तीन आठवड्यांत तपासावी लागते. ठळक लक्षणे असलेल्या बाळांची श्रवणशक्ती जपायला औषध आहे. मात्र ते शक्यतो पहिल्या महिन्यातच डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू करावे लागते.

शाळा काय करू शकते?

आईशी वाद घालू नका. तिला तारखा सांगा. "बैठका राहू द्या, आधी डोळे आणि कान दाखवून या," हे तिला पटण्यासारखे आहे. पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयातून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे चिठ्ठी मिळू शकते. पुसद तालुक्यातल्याच वसंतराव नाईक यांचे नाव त्या महाविद्यालयाला आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयदोष यांची तपासणी व पुढील उपचार येतात. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतेच. आशाताईंना निरोप दिला तर बाळाची नोंद लवकर होते. आणखी एक गोष्ट आईला जरूर सांगा. रुबेलाने बाधित बाळाच्या लाळेतून व लघवीतून वर्षभरही विषाणू बाहेर पडू शकतो. म्हणून गर्दीच्या बैठकीत, गरोदर बायांच्या शेजारी त्याला नेणे टाळावे.

आणि दुसरे काम वर्गातच आहे. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना लस देण्यात आली आणि तिचा मोठा भाग शाळांतच पार पडला. अफवांना उत्तरे देत पालकांना राजी करण्याचे काम शिक्षकांनीच केले. आता ही लस नऊ ते बारा महिने आणि सोळा ते चोवीस महिने या वयांत दोनदा देतात. तरीही मजुरीसाठी हंगामात बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांतली मुले सुटू शकतात. त्या मोहिमेच्या वेळी ज्यांचे वय पंधराच्या वर होते, त्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. त्यांना लस घेता येते, मात्र ती गरोदर नसताना घ्यावी आणि नंतर निदान महिनाभर दिवस राहू देऊ नयेत.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एक गृहपाठ द्या. घरातल्या लहान भावंडांची लसीकरणाची कार्डे काढून रुबेलाचे दोन्ही डोस झाले आहेत का, ते पाहून यायचे. ज्याचा एक रकाना रिकामा सापडेल, त्याने पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्या बाळाला घेऊन जायचे.